मॅक्रो छायाचित्रणासाठी महागडी लेन्स अनिवार्य नाही

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पावसाळ्यातील छायाचित्रणावर अलीकडे जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी आस्थेने वाचला. लेखकाची छायाचित्रे उत्तम आहेत आणि ती मिळवण्यासाठी चिखलातून, जळवांची पर्वा न करता केलेली पायपीटही त्यांत दिसते. मात्र त्या लेखातील एका विधानाला उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही. स्वतंत्र मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी लेन्स, घेण्याची ऐपत नसेल, तर कीटकांच्या आणि रानफुलांच्या सूक्ष्म छायाचित्रणाच्या वाटेला जाऊ नये, अशा अर्थाचे ते विधान आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि निवृत्त झाल्यापासून साताऱ्यात शाळकरी मुलांना घेऊन रविवारी सकाळी माळावर, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर जात असतो. आमच्यासोबत येणाऱ्या मुलांपैकी मॅक्रो लेन्स हाती असलेली मुले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांनी जे काही टिपले, ते घरात असलेल्या साध्या लेन्सला थोडक्या पैशांची जोडसाधने लावून टिपले. त्यांच्यातलाच आठवीतला एक मुलगा लेखाचे कात्रण घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, म्हणजे आपण करतो ते खरे मॅक्रो नाही का?" त्याला मी तोंडी उत्तर दिले, पण तो लेख वाचून कॅमेरा पुन्हा कपाटात ठेवणारी मुले आणखीही असतील. त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग आपल्या वृत्तपत्रातूनच जातो, म्हणून हे पत्र काहीसे विस्ताराने लिहीत आहे.

मुळात विशालन कशाला म्हणायचे, यातच पुष्कळांचा घोळ होतो. छायाचित्रणात विशालन म्हणजे वस्तूची सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पडलेली प्रतिमा आणि त्या वस्तूचा प्रत्यक्ष आकार यांचे गुणोत्तर. 10 मिलिमीटर लांबीच्या भुंग्याची प्रतिमा सेन्सरवर 10 मिलिमीटर लांबीचीच पडली, तर विशालन एकपट झाले. यालाच 'एकास एक' म्हणतात आणि बहुतेक मॅक्रो लेन्स इथवरच पोचतात. तोच भुंगा नंतर संगणकाच्या पडद्यावर वीतभर दिसला किंवा वृत्तपत्रात चार स्तंभांत छापला गेला, तरी विशालनाचा आकडा बदलत नाही. आता फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्याचा सेन्सर 36 मिलिमीटर रुंद असतो. चार मिलिमीटर लांबीचा, उड्या मारणारा कोळी एकास एक प्रमाणात टिपला, तर तो चित्राच्या रुंदीचा जेमतेम नववा भाग व्यापतो. म्हणजे कर्ज काढून मॅक्रो लेन्स घेतली, तरी त्या कोळ्याचे डोळे आणि डोळ्यांभोवतीची लव चित्रभर दिसणार नाही; ती दिसायला हवी असेल, तर त्या महागड्या लेन्सलाही पुढे किंवा मागे काहीतरी जोडावेच लागते. मग ज्या जोडसाधनांशिवाय मॅक्रो लेन्सवाल्याचेही भागत नाही, ती साध्या लेन्सला लावणाऱ्याने कमीपणा का मानावा?

ही साधने कशी काम करतात, हे समजायला दहावीचे विज्ञान पुरेसे आहे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील 'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्यात भिंगाचे सूत्र, विशालन, भिंगाची शक्ती आणि डायॉप्टर हे एकक, सारे काही आहे. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात, कारण त्या सूत्राचा हाताला कधी स्पर्शच होत नाही. मी ते सूत्र नळ्यांवर शिकवतो. लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूवर, रोखलेली असते तेव्हा सेन्सर तिच्या नाभीवर असतो. तिथून लेन्स जितकी पुढे सरकवावी, त्या अंतराला तिच्या नाभीय अंतराने, म्हणजे छायाचित्रकार ज्याला फोकल लेंथ म्हणतात त्याने, भागावे. जे उत्तर येईल ते विशालन. 50 मिलिमीटरची लेन्स 25 मिलिमीटर पुढे सरकली की विशालन अर्धे, 50 मिलिमीटर सरकली की एकपट. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची एक्स्टेंशन ट्यूब एवढेच काम करते. तिच्यात काच नसते. ती केवळ पोकळ नळी असते आणि म्हणूनच ती लेन्सच्या मूळ काचेत स्वतःचा कोणताही दोष मिसळत नाही.

बाजारात मिळणाऱ्या संचांत बहुधा 12, 20 आणि 36 मिलिमीटरच्या तीन नळ्या असतात. तिन्ही एकत्र लावल्या, तर 68 मिलिमीटर होतात, आणि 50 मिलिमीटरच्या साध्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सवर त्यांनी विशालन 1.36 पट होते. लेन्सचे स्वतःचे सरकणे त्यात मिळवले, तर ते दीडपटीच्या आसपास जाते. हाच संच 200 मिलिमीटरच्या लेन्सवर लावला, तर मात्र जेमतेम तृतीयांश विशालनाची भर पडते, कारण भागाकारात खालचा आकडा मोठा झाला. उलट टोकाला, कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या, 18 मिलिमीटरवर ठेवलेल्या किट लेन्सला 25 मिलिमीटरची नळी लावली, तर गणिताने विशालन भरपूर येते. पण वस्तू इतकी जवळ आणावी लागते की ती पुढच्या काचेला टेकूनही स्पष्ट होत नाही. मुले नेमकी हीच चूक करतात आणि नळी खराब आहे, असे समजून बसतात.

हा मार्ग गरिबाची तडजोड आहे, असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक जुने उदाहरण देतो. निकॉनची 55 मिलिमीटरची एफ 2.8 मायक्रो लेन्स (निकॉन मॅक्रोला मायक्रो म्हणते) आपल्या बळावर अर्ध्या प्रमाणापर्यंतच पोचत असे. एकास एक प्रमाण हवे असेल, तर त्याच कंपनीची 27.5 मिलिमीटरची नळी लावायची होती. 27.5 भागिले 55 म्हणजे बरोबर अर्धा, आणि लेन्सचा स्वतःचा अर्धा मिळून एक. आमच्या मुलांपुढे हे आकडे फळ्यावर मांडले की त्यांचे चेहरे उजळतात, कारण मोठ्या कंपनीच्या अभियंत्यांनी जे केले, तेच आपणही करत आहोत, हे त्यांना पहिल्यांदाच कळते.

अर्थात विशालन फुकट मिळत नाही, आणि हे लपवून ठेवणे मला अप्रामाणिक वाटते. लेन्स सेन्सरपासून दूर गेली की तोच प्रकाश अधिक मोठ्या क्षेत्रावर पसरतो. एकपट विशालनाला लेन्स आणि सेन्सर यांतील अंतर नाभीय अंतराच्या दुप्पट झालेले असते, त्यामुळे सेन्सरवर पडणारा उजेड चौथ्या हिश्शावर येतो. छायाचित्रकारांच्या भाषेत दोन स्टॉप गेले; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे. लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राला अ‍ॅपर्चर म्हणतात आणि एफचा आकडा जितका मोठा, तितके ते बारीक; एफ 8 वर ठेवलेली लेन्स एकपटीला एफ 16 सारखी आणि दुपटीला एफ 24 सारखी वागते. ज्यांना हे ठाऊक नसते, ते जास्त भाग स्पष्ट यावा म्हणून अ‍ॅपर्चर आणखी बारीक करतात, एफ 22 लावतात, आणि मग विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. विशालन वाढवाल तसे अ‍ॅपर्चर थोडे उघडावे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगायला हवा. स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तेवढी जाडी, तर इतकी आटते की पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. फुल फ्रेमवर एकास एक प्रमाणात एफ 8 ला ती सुमारे एक मिलिमीटर असते आणि दुपटीला एक मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या भागावर येते. अशा वेळी ऑटोफोकस बंद करून, कॅमेरा डोळ्याला लावून, आपणच श्वासाच्या लयीत किंचित पुढेमागे व्हायचे आणि डोळा स्पष्ट दिसला त्या क्षणी बटण दाबायचे असते. ही सवय पैशाने विकत मिळत नाही आणि महागडी लेन्सही ती शिकवत नाही.

दुसरे साधन आहे क्लोज-अप लेन्स. दुकानदार तिला क्लोज-अप फिल्टर म्हणतात, पण ते खऱ्या अर्थाने भिंगच आहे. लेन्सच्या पुढच्या आट्यांवर ते फिरवून बसवतात. आजोबांच्या वाचायच्या चष्म्याचे तत्त्व आणि याचे तत्त्व एकच. त्याची शक्ती डायॉप्टरमध्ये लिहिलेली असते आणि तिच्यावरून दोन गोष्टी तोंडी काढता येतात. एक हजाराला डायॉप्टरने भागले की वस्तू किती मिलिमीटरवर ठेवायची ते कळते: अधिक 4 ला 250 मिलिमीटर, अधिक 8 ला 125 मिलिमीटर. मूळ लेन्स अनंतावर ठेवून तिच्या नाभीय अंतराला या आकड्याने भागले की विशालन मिळते. म्हणजे 55 ते 250 मिलिमीटरची जी झूम लेन्स अनेक घरांत कॅमेऱ्याबरोबरच आलेली असते, तिला 250 वर ठेवून अधिक 4 चे भिंग लावले तर एकास एक, आणि अधिक 8 चे लावले तर दुप्पट विशालन! नळीसारखा उजेडही यात घटत नाही. फक्त एक काळजी घ्यावी. एकेरी काचेचे चार भिंगांचे संच अगदी स्वस्तात मिळतात, पण त्यांत चित्राच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि पांढऱ्या फुलाच्या पाकळीला जांभळी-हिरवी किनार येते. दोन वेगळ्या काचा चिकटवून हा रंगदोष काढलेली भिंगे, ज्यांना अ‍ॅक्रोमॅट म्हणतात, ती काहीशी महाग असली तरी मॅक्रो लेन्सच्या किमतीपुढे किरकोळच ठरतात. रेनॉक्स कंपनीचे अधिक 8 चे अ‍ॅक्रोमॅट आमच्या मंडळात एकच आहे आणि ते आळीपाळीने सगळे वापरतात. पावसाळ्यात त्याला एक रविवारही विश्रांती नसते.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत सुंदर आहे: लेन्स उलटी लावणे. काही शे रुपयांच्या रिव्हर्स रिंगने लेन्सची पुढची बाजू कॅमेऱ्याकडे आणि मागची बाजू वस्तूकडे येते. यात जादू काही नाही. साधी लेन्स बनवताना वस्तू दूर आणि सेन्सर जवळ, असे गृहीत धरलेले असते. विशालन एकपटीच्या पुढे गेले की परिस्थिती उलटते, वस्तू जवळ येते आणि सेन्सर तुलनेने दूर जातो. तेव्हा लेन्सही उलटी करणे हेच तिच्या रचनेला धरून असते. इथे एक्स्टेंशन ट्यूबप्रमाणेच नाभीय अंतर जितके कमी, तितके विशालन जास्त. 50 मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की विशालन एकपटीच्या आसपास येते, 28 मिलिमीटरची लावली की दुपटीपलीकडे. ज्या घरात फिल्मच्या काळातला जुना कॅमेरा पडून आहे, तिथली 50 मिलिमीटरची लेन्स या कामासाठी सोन्यासारखी, कारण तिच्यावर अ‍ॅपर्चरचे कडे असते आणि ते हाताने फिरवता येते. आजच्या बऱ्याच लेन्सवर ते कडे नसते. उलट्या लावल्यावर त्यांचा कॅमेऱ्याशी विद्युत संपर्क तुटतो आणि काहींचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, तर काहींचे पूर्ण मिटलेले राहते. शिवाय लेन्सची मागची काच उघडी पडते. आपल्याकडच्या पावसात आणि कोकणातल्या दमट हवेत तिच्यावर पाणी, धूळ आणि पुढे बुरशी चढायला वेळ लागत नाही, तेव्हा काम झाले की लगेच झाकण लावावे. एका लांब लेन्सवर दुसरी लेन्स उलटी जोडण्याचाही प्रकार आहे. 200 मिलिमीटरवर 50 मिलिमीटरची उलटी जोडली की विशालन थेट चौपट होते. मोठी मुंगी चित्रभर दिसते, पण कोपरे काळे पडतात आणि हात स्थिर ठेवणे फार कठीण जाते. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या भिंगांच्या जोडाचा, उल्लेख केवळ पूर्णतेसाठी करतो. तो वस्तूपासूनचे अंतर न बदलता विशालन 1.4 पट किंवा दुप्पट करतो आणि त्याबदल्यात अनुक्रमे एक किंवा दोन स्टॉप उजेड घेतो. पण तो महाग असतो आणि प्रत्येक लेन्सवर बसतोच असे नाही.

खरेदीबाबत एक कटू अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या मंडळातील अकरावीच्या एका मुलीने सुट्टीत शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि एका शहरातील दुकानातून एक्स्टेंशन ट्यूबचा संच आणला. तो पूर्ण धातूचा होता, दिसायला भक्कम होता. पण कॅमेरा आणि लेन्स यांच्यातील विद्युत संपर्काची पितळी टोके त्यात नव्हती. नळी लावताच कॅमेऱ्याच्या पडद्यावर अ‍ॅपर्चरच्या जागी शून्य दिसू लागले. दुकानात विचारले, तेव्हा तिला सांगण्यात आले की नळीत काहीच दोष नाही, कॅमेराच बिघडला आहे. तिने तो दुरुस्तीला दिला, महिनाभर तो तिथेच पडून राहिला, तपासणीचे पैसे भरावे लागले आणि अखेर कॅमेरा ठणठणीत असल्याचे निघाले. तोवर तेरड्याचा आणि सोनकीचा हंगाम संपला होता. संपर्क नसलेली नळी निरुपयोगी नसते. अ‍ॅपर्चरचे कडे असलेल्या जुन्या लेन्सबरोबर ती उत्तम चालते, आणि मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात 'लेन्स नसतानाही शटर चालू द्यावे' ही सोय मेन्यूतून सुरू केली की कामही होते. पण विकताना हे सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे आणि घेताना विचारणे ग्राहकाने शिकले पाहिजे. नळीचे माउंट (लेन्स अडकवायचे कडे) प्लॅस्टिकचे आहे का, हेही पाहावे. त्यावर जड झूम लेन्स लावली की ती खाली झुकते आणि संपर्क मधूनमधून तुटतो.

उजेडाचा प्रश्न आमच्या मुलांनी घरच्या घरी सोडवला आहे. वस्तू लेन्सपासून चार-पाच इंचांवर असते, तिथे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट मारला तर भुंग्याच्या पाठीवर पांढरा भगभगीत डाग पडतो. म्हणून थर्माकोलच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडून ते लेन्सभोवती बसवायचे आणि वरून ट्रेसिंग पेपर लावायचा; एवढ्याने फ्लॅशचा उजेड आभाळाच्या उजेडासारखा पसरतो. कमी शक्तीवर लावलेल्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, त्यामुळे वाऱ्याने हलणारे पान आणि आपला थरथरणारा हात दोन्ही जागीच थांबतात. ज्यांच्याकडे फ्लॅश नाही, त्यांनी दव असताना, पहाटे बाहेर पडावे. थंडीने गारठलेल्या टाचण्या (चतुरासारखे सडपातळ कीटक) आणि फुलपाखरे ऊन अंगावर येईपर्यंत हलत नाहीत, आणि टाचणीच्या डोळ्यावरचा दवाचा थेंब पाहिला की झोप मोडल्याचे कुणालाही वाईट वाटत नाही.

संपादक महोदय, हा छंद मी केवळ सुंदर चित्रांपुरता मानत नाही. 2018 मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळीचा प्रादुर्भाव आपल्या देशात प्रथम नोंदला गेला, तेव्हा तिची ओळख कशी पटवायची हा शेतकऱ्यांपुढचा पहिला प्रश्न होता. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ असते आणि शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे चार गडद ठिपके असतात. मोठ्या अळीवर हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. लहान अळीवर मात्र भिंगाशिवाय ते सहज ओळखू येत नाही, आणि फवारणीचा उपयोग होतो तो अळी लहान असतानाच. द्राक्षावरचे आणि डाळिंबावरचे फुलकिडे तर एक-दोन मिलिमीटरचेच असतात. कृषी सहायकाला मोबाइलवरून पाठवलेल्या फोटोत पान दिसते, पण किडा ठिपक्याएवढा असतो, आणि तो नेमका कोणता हे सांगणे अवघड होते. मोबाइलला चिमट्याने लावायचे छोटे भिंग हा क्लोज-अप लेन्सचाच धाकटा भाऊ आहे. ते गावोगावच्या शेतकरी गटांच्या हाती आले, तर फोटो पाहून दिलेला सल्ला कितीतरी नेमका होईल. आमच्या मंडळातील दोन मुले आपापल्या वडिलांच्या शेतात हे करतात आणि त्यांचे फोटो पाहून शेजारचे शेतकरीही त्यांना आपल्या रानात बोलावू लागले आहेत.

2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला, 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात दहशतवाद्याला पकडून ठेवताना वीरमरण आलेले तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून 'आयसियस तुकारामी' असे नाव देण्यात आले. ती बातमी मी वर्गणीने चालणाऱ्या एका वाचनालयात मुलांना वाचून दाखवली आणि फोटो दाखवून हा कोळी केवढा असेल, असे विचारले. कुणी सुपारीएवढा म्हणाले, कुणी लिंबाएवढा. प्रत्यक्षात हे कोळी काही मिलिमीटरचे असतात. नवी प्रजाती ठरवण्याचे काम शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली करतात, नुसत्या छायाचित्रावरून ते होत नाही. तरीही कुठल्या झाडावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकारचा जीव दिसला, याची चांगल्या छायाचित्रासह केलेली नोंद त्यांना पुढची दिशा देऊ शकते. अशी नोंद करणारे डोळे मुंबई-पुण्यातल्या महागड्या कॅमेऱ्यांमागेच असावेत, असे थोडेच आहे? जावळीच्या किंवा पाटणच्या एखाद्या शाळेतील मुलगीही ती करू शकते, जर तिला आपल्या साध्या लेन्सची ताकद कुणी दाखवून दिली तर.

कासच्या पठाराबद्दलही लिहिणे मला भाग आहे, कारण जोडसाधनाच्या निवडीचा तिथल्या फुलांच्या जिवाशी थेट संबंध आहे. उलट्या लावलेल्या लेन्सने वस्तू चार-पाच सेंटिमीटरवर आणावी लागते. सीतेची आसवे किंवा दवबिंदू या वनस्पतींचे इवले रोप इतक्या जवळून टिपायचे, तर माणूस पठारावर पालथा झोपतो आणि त्याच्या कोपरांखाली, गुडघ्यांखाली शेकडो कोवळी रोपे चिरडली जातात. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना युनेस्कोने 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हे पठार आहे. तिथे एका छायाचित्रासाठी असे करणे मला अक्षम्य वाटते. लांब झूमवर अधिक 4 चे भिंग लावले, तर वाटेच्या कडेला बसून, पंचवीस सेंटिमीटरवरून, एकास एक प्रमाण मिळते. माझ्या मुलांना मी कासला फक्त एवढेच साधन नेऊ देतो; रिव्हर्स रिंग परसातल्या मुंग्यांसाठी आणि शेवग्यावरच्या माव्यासाठी राखून ठेवलेली आहे. तसेच हालचाल थांबावी म्हणून कीटकांना शीतकपाटात ठेवणे किंवा मारून टाचणीने टोचणे, असे सल्ले काही ठिकाणी उघडपणे दिले जातात. ते आपल्या स्तंभांतून कधीही छापले जाऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता आपल्याकडून दोन अपेक्षा. पहिली अशी की, पुरवणीत ज्या जागी तो लेख आला, त्याच जागी साध्या लेन्सवर जोडसाधने लावून काढलेल्या छायाचित्रांना एखाद्या रविवारी स्थान द्यावे. आमच्या मुलांची छायाचित्रे मी आपल्याकडे पाठवायला तयार आहे. ती पुरेशी चांगली नाहीत असे आपल्या छायाचित्र संपादकांना वाटले, तर इतर कुणाची छापावीत, त्याने माझा हेतू साधलाच जाईल. दुसरी अपेक्षा छोटी आहे, पण मला ती अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या वृत्तपत्रात कीटकांचे, कोळ्यांचे किंवा फुलांचे मोठे केलेले छायाचित्र छापताना त्याखाली त्या जिवाचा खरा आकार मिलिमीटरमध्ये द्यावा, आणि छायाचित्रकाराला ठाऊक असेल तर विशालन आणि वापरलेले साधनही द्यावे. एक ओळ पुरेल: 'प्रत्यक्ष लांबी 5 मिलिमीटर, 50 मिलिमीटरची लेन्स उलटी लावून.' ती ओळ वाचून कुठल्यातरी गावातले एखादे मूल कपाटातला जुना कॅमेरा काढेल आणि त्याची लेन्स उलटी धरून खिडकीतल्या मुंगीकडे पाहील. त्या मुलासाठी आपल्या पानावर एवढी जागा मिळावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा